पंधराचे सोळा

कुर्ल्याला सीएसटी रोडवर
दुकानाला दुकान चिकटलेलं,
आणि दारोदारी चकल्यांसारखी टांगलेली अलॉय.
मुबीनच्या दारात गाडी लावली
तेव्हा तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला.
"सर पार्किंग करताहेत का?"
म्हटलं, सर नाहीत. मीच आहे.
चार बोल्ट, शंभरचा पीसीडी,
पंधराचे सोळा करायचेत.
मग त्यानं स्टूल पुसलं.

मी सायनला एक्स-रे काढते.
बावीस वर्षं लोकांना सांगत आलेय,
श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा.
गाडी घेतली तीही रात्रपाळीसाठी,
साडेतीनला सुटलं की रिक्षावाले तोंड फिरवतात म्हणून.
ही चार चाकं मात्र
कशासाठीच नाहीत.
हे मुबीनला सांगितलं नाही.

त्यानं बिलाच्या पाठीवर गोलात गोल काढला.
बाहेरचा घेर तोच ठेवायचा, मॅडम,
नाहीतर काटा खोटं बोलायला लागतो.
म्हणजे धातू वाढला
की रबर तेवढं उतरणार.
टायरची भिंत एकशेवीसवरून एकशेसात.
तेरा मिलिमीटर.
"कमरेला कळेल," तो म्हणाला.
कमरेला बरंच काही कळतं, मी म्हटलं,
आणि किमतीवर आले.

त्याचा भाचा अल्तमश
एकेक चाक मशीनवर चढवून फिरवत होता,
थांबवत होता, आतल्या कडेला शिसं ठोकत होता,
इथे तीस ग्रॅम, तिथे दहा.
इतकं गोल, इतकं नवं,
तरी त्याचाही एक खांदा जड.

"जुन्याचे सहा हजार देतो."
एकाचे?
"चारांचे."
मी चारही मागच्या सीटवर रचली
आणि पट्टा लावला.

परतताना लिंक रोडच्या पुलावर
सांधा न् सांधा मोजता आला,
पाठीवरून बोट फिरवत मणके मोजावेत तसा.
इतकी वर्षं हा रस्ता
मला कुणीतरी सांगोवांगी सांगत होतं.

टिळकनगरात दिघे म्हणाले, मायलेज पडणार हो.
वॉचमन लालमणी उकिडवा बसला,
चकचकीत आऱ्यात तोंड बघितलं,
केस सारखे केले, उठला.

अकराव्या दिवशी, डिसेंबरातल्या पहाटे,
चुनाभट्टीच्या वळणावर
पेव्हरब्लॉक निघालेला एक चौकोन होता.
आवाज आधी आला, मग हादरा,
मग डावीकडे ओढणारं स्टिअरिंग.

उतरले. मोबाइलचा टॉर्च धरला.
पुढचं डावं. आतली कड मुडपलेली
आणि तिच्यापासून निघालेली
केसाएवढी एक रेघ.
अशा रेघा मी रोज बघते,
त्यांच्याकडे बघून चेहरा कोरा ठेवायचा असतो.
श्वास घ्या. धरा.
रस्त्यावर मी एकटीच होते, म्हणून
एक शिवी दिली. मोठ्यानं.

डिकीत, चटईखाली, स्टेपनी.
चौदाची. लोखंडी, काळी,
कंपनीनं दिली तशीच,
रबरावरचे बारीक केसही झडले नव्हते.
पंधराचे सोळा करताना
तिचा विषयच निघाला नव्हता.
पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले,
सगळं वजन घातलं,
तेव्हा पहिला नट कुरकुरला.

तीन सोळा, एक चौदा.
चाळीसच्या पुढे नेली नाही.
गाडी कुठे कलली नाही,
फक्त त्या एका कोपऱ्यात
रस्ता जरा मऊ झाला होता.

लालमणीनं चौथ्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काही बोलला नाही.

आता मुबीनचा दोनदा फोन आलाय.
रिम ठोकून देतो, वेल्डिंग धरून हजार,
पण त्यावर भरवसा ठेवू नका, नवीनच घ्या.
येते म्हटलंय.
या आठवड्यात नाही.